एकच मूळ फाइल: छपाई आणि वेबसाइट, दोन्हींसाठी एसव्हीजी कशी तयार करावी

सांगलीत डीटीपीचं काम करणाऱ्या कुणालाही विचारा. गिऱ्हाइकाकडून लोगो येतो तो बहुतेक वेळा व्हॉट्सॲपवरून, जेपीजीच्या रूपात. कधी तो जुन्या व्हिजिटिंग कार्डाचा मोबाइलने काढलेला फोटो असतो, कधी फ्लेक्सच्या कोपऱ्यातून कापून घेतलेला तुकडा. हाच लोगो बेदाण्याच्या पेटीवर हवा असतो, दुकानाच्या बोर्डावर हवा असतो आणि वेबसाइटवरही. मग पेटी छापणारा तो आपल्या परीने पुन्हा काढतो, बोर्डवाला आपल्या परीने, वेबसाइटवाला तिसऱ्याच पद्धतीने. चार वर्षांत एकाच शेतकरी गटाचा द्राक्षघड चार ठिकाणी चार तऱ्हांनी दिसू लागतो आणि खरा कोणता, हे गटालाही सांगता येत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे: एक एसव्हीजी फाइल (ठिपक्यांऐवजी रेघा आणि आकार साठवणारी चित्राची फाइल) मूळ म्हणून नीट तयार करा, जपून ठेवा, आणि छपाईची प्रत असो की वेबची, प्रत्येक प्रत तिच्यातूनच काढा. ते कसं करायचं, ते इथे दोन उदाहरणांवरून सांगतो. एक, तासगाव तालुक्यातल्या बेदाणा उत्पादक गटाचं १२० बाय ८० मिलिमीटरचं लेबल. दुसरं, सांगलीच्या आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पाणीपातळी दाखवणारी आकृती, मोबाइलवर दिसणारी आणि चौकातल्या बोर्डावरही लावता येणारी.

एसव्हीजी हे वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यू-थ्री-सी या संस्थेचं मानक आहे. त्याची पहिली आवृत्ती २००१ साली आली. फाइल साध्या मजकुराची असते: अमुक बिंदूपासून तमुक बिंदूपर्यंत अशी वळणाची रेघ, आत हा रंग, इथे ही अक्षरं. ठिपक्यांचा हिशेब नसल्यामुळे ती कितीही मोठी करा, कडा फाटत नाहीत. आणि मजकूरच असल्यामुळे नोटपॅडमध्ये उघडून '२५० ग्रॅम'चं '५०० ग्रॅम' करता येतं. सोय म्हणून ही दुसरी गोष्ट मला पहिलीपेक्षाही मोठी वाटते.

काय एसव्हीजीत घ्यायचं, काय नाही

लोगो, अक्षरं, नकाशे, तक्ते, बारकोड, क्यूआर कोड, चिन्हं हे सगळं एसव्हीजीत. बेदाण्याचा, बागेचा फोटो मात्र फोटोच राहू द्या. छपाईसाठी तो छापायच्या आकारात ३०० पीपीआयचा (एका इंचात ३०० ठिपके), वेबसाठी वेगळा, लहान केलेला. एसव्हीजीच्या पोटात फोटो कोंबला तर तो मजकुराच्या रूपात साठवला जातो आणि साधारण एक तृतीयांशाने फुगतो. त्यातून फाइल मोठी होते आणि फायदा काहीच नाही.

फोटोला आपोआप ट्रेस करून, म्हणजे सॉफ्टवेअरकडून त्यावरून रेघा काढून घेऊन, 'व्हेक्टर' केल्याचं समाधानही मानू नका. हजारो तुकड्यांची अशी फाइल प्रेसच्या मशीनला जड जाते आणि दिसायला फोटोपेक्षा वाईट दिसते.

फाइलची मापं मिलिमीटरमध्ये लावा

मी इंकस्केप हे चित्र काढण्याचं सॉफ्टवेअर वापरतो. ते मोफत आहे आणि एसव्हीजी हाच त्याचा मूळ फॉरमॅट आहे. कोरलड्रॉ किंवा इलस्ट्रेटरवर हात बसला असेल तर तेही चालेल, मात्र मापांचा हा भाग नीट वाचा.

'डॉक्युमेंट प्रॉपर्टीज'मध्ये रुंदी १२० मिलिमीटर, उंची ८० मिलिमीटर लिहा. खाली व्ह्यूबॉक्सचे चार आकडे असतात. तिथे ०, ०, १२०, ८० भरा. पहिले दोन आकडे म्हणजे चित्र कुठून सुरू होतं, पुढचे दोन म्हणजे किती रुंद आणि किती उंच. आता फाइलमधलं एक एकक म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर. अर्ध्या मिलिमीटरची रेघ हवी तर जाडी ०.५ लिहायची, गुणाकार-भागाकार करत बसायचं नाही.

हे न केल्यास काय होतं, त्याचा हिशेब मांडून दाखवतो. ब्राउझर आणि आजचं इंकस्केप एक इंच म्हणजे ९६ पिक्सेल धरतात. इंकस्केपच्या २०१७ पूर्वीच्या आवृत्त्या ९० धरत. इलस्ट्रेटरमधून पिक्सेलमध्ये काढलेली फाइल ७२ च्या हिशेबाने येऊ शकते. म्हणून इलस्ट्रेटरमध्ये १२० मिलिमीटर असलेलं लेबल दुसरीकडे उघडलं की ९० मिलिमीटरचं होतं, आणि जुन्या इंकस्केपमधलं ११२.५ चं. स्क्रीनवर काहीच वावगं दिसत नाही. पाऊचवर चिकटवताना कळतं. रुंदी-उंची मिलिमीटरमध्ये लिहिलेली असेल तर हा घोळ होत नाही.

ब्लीडचीही सोय इथेच करून ठेवा. कटिंगमध्ये कागद थोडा सरकला तरी कडेला पांढरी पट्टी दिसू नये, म्हणून पार्श्वभूमीचा रंग चारही बाजूंना ३ मिलिमीटर बाहेर न्यायचा. मूळ फाइलमध्ये रंगाचा चौकोन पानाबाहेर काढून ठेवा. वेबची प्रत काढताना व्ह्यूबॉक्स ०, ०, १२०, ८० असतो, म्हणून बाहेरचा भाग दिसत नाही. प्रेसची प्रत काढताना तोच व्ह्यूबॉक्स उणे ३, उणे ३, १२६, ८६ करायचा आणि रुंदी-उंचीही १२६ बाय ८६ मिलिमीटर. चित्राला हात लावायचा नाही, फक्त खिडकी मोठी करायची.

चित्र काढणं

जुना लोगो कागदावर असेल तर ६०० डीपीआयला कृष्णधवल स्कॅन करा आणि 'ट्रेस बिटमॅप' वापरून पाहा. पण जे निघेल ते कच्चा माल समजा. एका गोल द्राक्षाला चार नोड (रेघ वळवणारे बिंदू) पुरतात, ट्रेसिंग चाळीस देतं. घडातली द्राक्षं मी वर्तुळाच्या टूलने नव्याने काढतो, आणि पान पेनने, नोड वळणाच्या टोकाशी ठेवून. तासाभराचं काम असतं. त्यानंतर रंग बदलायचा असो, एक द्राक्ष कमी करायचं असो, काम सोपं होतं.

लेयरना मराठीत नावं द्या: 'पार्श्वभूमी', 'घड', 'नाव', 'कायदेशीर मजकूर', 'कोड'. दोन वर्षांनी फाइल उघडणारा माणूस तुम्ही नसाल.

रेघांच्या जाडीबद्दल एक सावधगिरी. ऑफसेटवर पाव पॉइंटची रेघ निघते. कोरुगेटेड, म्हणजे पन्हळी पुठ्ठ्याच्या, पेटीवर फ्लेक्सोने छापताना रबरी स्टिरिओ (छपाईचा साचा) कागदावर दाबला जातो आणि शाई पसरते. तिथे अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक काहीही मी देत नाही. 'क्ष' आणि 'ष' यांच्या आतली मोकळी जागा आधी भरते. म्हणून पेटीसाठी जाड, पण पोटातून मोकळा फॉन्ट निवडा. गडद पट्टीत पांढरी अक्षरं सोडणार असाल तर आणखी एक पायरी जाड.

अक्षरं: खरी मेहनत इथे आहे

मिरजेत गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाने १८०५ साली भगवद्गीता छापली गेली, ती तांब्याच्या पत्र्यांवर कोरून. पत्र्यावर एकदा कोरलेलं अक्षर कायमचं: छापा कितीही, बदल शून्य. प्रेसवाले आज आपल्याला 'फाइल कर्व्ह करून पाठवा' म्हणतात, तेव्हा ते हेच मागत असतात. कर्व्ह केलेलं अक्षर म्हणजे नुसता आकार. त्यांच्या संगणकावर फॉन्ट नसला तरी बिघडत नाही, पण ते अक्षर आता वाचता येत नाही, शोधता येत नाही, दुरुस्त करता येत नाही.

म्हणून नियम असा ठेवा: मूळ फाइलमध्ये अक्षरं जिवंत, प्रेसच्या प्रतीत कर्व्ह. मूळ फाइलवर 'ऑब्जेक्ट टू पाथ' करून सेव्ह कधीच करायचं नाही. आधी 'सेव्ह अ कॉपी', मग त्या प्रतीवर काय ते करा.

जिवंत म्हणजे युनिकोडमध्ये, प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक देणाऱ्या पद्धतीत. आपल्याकडच्या कित्येक प्रेसमध्ये अजून जुन्या पद्धतीच्या फॉन्टांमध्ये टाइप होतं. तिथे 'क' हे अक्षर खरं तर इंग्रजी अक्षराच्या घरात ठेवलेलं असतं. तो फॉन्ट असेपर्यंत मराठी दिसतं, ब्राउझरमध्ये मात्र नुसती चिन्हांची खिचडी. असा मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणा आणि मग डोळ्यांनी वाचा. पहिली नजर टाकायची ती 'शेतकऱ्यांचा' या शब्दावर. कन्व्हर्टर तिथे हमखास घसरतो आणि रफार देऊन 'शेतकर्यांचा' करतो. 'द्राक्षे', 'उत्कृष्ट', 'ॲगमार्क' हे शब्दही तपासा. फॉन्टही याच शब्दांवर पारखा. मुक्ता, नोटो सॅन्स देवनागरी, टिरो देवनागरी मराठी हे मोफत परवान्याचे आहेत आणि वेबवर फाइलमध्ये घालायलाही चालतात. 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे हवे असतील तर शेवटचा फॉन्ट मराठीसाठीच बनवलेला आहे. विकत घेतलेल्या फॉन्टचा परवाना छपाईपुरताच आहे का, तेवढं बघून घ्या.

आता शिरोरेघ. देवनागरीत प्रत्येक अक्षर आपल्या वाटणीची शिरोरेघ घेऊन येतं आणि शेजारच्या अक्षरावर ती किंचित चढते, म्हणून रेघ सलग दिसते. कर्व्ह केल्यावर हे चढलेले भाग तसेच राहतात. साध्या काळ्या भरणीत काही दिसत नाही. पण अक्षरांना बाहेरून रेघ द्या किंवा रंग अर्धपारदर्शक करा, प्रत्येक जोडावर उभी खूण उमटते. रेडियम कटिंगला (चिकट रंगीत कागदातून अक्षरं कापायला) दिलीत तर आणखी वाईट: प्लॉटरची सुरी प्रत्येक अक्षराभोवती वेगळी फिरते आणि 'बेदाणा'ची शिरोरेघ तुकड्यातुकड्यांत निघून हातात येते. उपाय सोपा आहे. 'ऑब्जेक्ट टू पाथ' झाल्यावर ग्रुप सोडवा, एका शब्दाची सगळी अक्षरं निवडा आणि पाथ मेनूतून 'युनियन' करा. कोरलमध्ये हेच काम 'वेल्ड' करतं. नंतर व्ह्यू मेनूतून आउटलाइन दृश्य लावा. आत एकही आडवी-उभी रेघ उरलेली नसेल तर काम झालं.

अक्षरांमधलं अंतर वाढवण्याचा मोह टाळा. इंग्रजीत शोभून दिसतं, देवनागरीत शिरोरेघेला भगदाडं पडतात. वेबच्या स्टाइलमध्येही मराठी मजकुरासाठी लेटर-स्पेसिंग शून्यच ठेवा.

गोलाकार नावाचंही तेच. पतसंस्था, मंडळं, शाळा, प्रत्येकाच्या चिन्हात नाव गोल फिरलेलं असतं. 'पुट ऑन पाथ' केलं की प्रत्येक अक्षर सरळ राहून वर्तुळावर टेकतं, आणि शिरोरेघेचे तुकडे होऊन दोन अक्षरांमध्ये वरच्या बाजूला फटी पडतात. त्याऐवजी नाव सरळ रेषेत लिहा, कर्व्ह करा, युनियन करा, आणि मग पाथ इफेक्टमधला 'बेंड' लावून सगळा आकारच वाकवा. शिरोरेघ सलग कमानीसारखी वळते. कोरलमध्ये एन्व्हलपने हेच साधतं. वाकवण्याआधी शिरोरेघेवर मध्येमध्ये दोन-चार नोड वाढवले तर वळण जास्त सुबक येतं. ही जादा मेहनत करणारे थोडे आहेत, म्हणून नीट वळलेलं मराठी चिन्ह लांबूनही ओळखू येतं.

शेवटचं, इंकस्केपमध्ये चौकट ओढून त्यात लिहिलेला वाहता मजकूर काही जुन्या आवृत्त्यांमधून ब्राउझरमध्ये दिसतच नाही किंवा काळा ठोकळा दिसतो. नाव, वजन, किंमत यांसाठी एकदा क्लिक करून साधा मजकूर लिहा.

रंग

एसव्हीजीतले रंग पडद्याचे, म्हणजे आरजीबी: लाल, हिरव्या, निळ्या प्रकाशाचे. छपाई चार शाईंची: सायन, मॅजेंटा, यलो आणि काळी, म्हणजे सीएमवायके. एसव्हीजीतून थेट चार शाईंचे आकडे प्रेसपर्यंत पोहोचतील, अशी अपेक्षा ठेवू नका. ते काम पीडीएफ करताना करायचं.

हळदीचा पिवळा छान उतरतो: मॅजेंटा २०, यलो १००, बाकी शून्य. पडद्यावरचा झगझगीत निळा कागदावर जांभळट होतो आणि काळ्या द्राक्षाचा जांभळा मंद पडतो. म्हणून ठरलेल्या रंगांचे दोन्ही आकडे मूळ फाइलच्या पानाबाहेर एका कोपऱ्यात लिहून ठेवा. ब्लीडच्याही बाहेर, म्हणजे कोणत्याच प्रतीत येणार नाहीत.

काळ्याकडे विशेष लक्ष. आरजीबीतला काळा आपोआप बदलू दिला तर तो चारही शाईंचा बनतो. 'घटक पदार्थ' आणि पत्ता अशी बारीक अक्षरं चार प्लेटांवर चढतात, एक प्लेट केसभर सरकली की अनुस्वाराला रंगीत सावली येते. बारीक मजकूर, बारकोड, क्यूआर हे शंभर टक्के निव्वळ काळ्या शाईतच हवेत.

खाकी पेटीवर आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या: पांढरा म्हणजे तिथे काहीच न छापणं, आणि खालून खाकी दिसणार. लोगोत पांढऱ्यावर अवलंबून असलेलं काही असेल तर पेटीसाठी एकरंगी रूप वेगळं काढा. दोन रंगांची पेटी असेल तर प्रत्येक रंगाचा एक लेयर करून ठेवा, स्टिरिओ बनवणाऱ्याला तसंच लागतं.

ब्लर, सावली, मास्क या गोष्टी छपाईच्या प्रतीत नकोत. पीडीएफ होताना त्यांचं ठिपक्यांच्या चित्रात रूपांतर होतं, आणि कोरलमध्ये एसव्हीजी उघडताना त्या अर्धवट येतात. साधा ग्रेडियंट चालतो.

बारकोड, क्यूआर आणि कायद्याचा मजकूर

किरकोळ विक्रीचा १३ आकडी बारकोड शंभर टक्के आकारात ३७.२९ बाय २५.९३ मिलिमीटरचा असतो आणि ८० टक्क्यांच्या खाली नेऊ नये. फाइल मिलिमीटरमध्ये असल्यामुळे हे माप थेट तपासता येतं. क्यूआरभोवती चारही बाजूंना त्यातल्या चार चौकटींइतकी कोरी जागा सोडा. दोन्ही कोड एसव्हीजीतच बनवून घ्या. पीएनजी ताणून बसवलात तर कडा धूसर होतात आणि स्कॅनर अडखळतो.

पाकिटावरच्या आकड्यांची आणि अक्षरांची किमान उंची पॅकबंद वस्तूंच्या २०११ च्या नियमांत मिलिमीटरमध्ये दिलेली आहे. फॉन्टचा पॉइंट म्हणजे अक्षराची उंची नव्हे. कर्व्ह केलेल्या प्रतीत आकडा निवडा आणि वर उंचीचा रकाना वाचा. शाकाहाराचं हिरवं चिन्ह आणि चौदा आकडी अन्न परवाना क्रमांक यांची मापंही अशीच बघा. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे, पण त्याचं चिन्ह नोंदणीकृत वापरकर्त्यालाच लावता येतं. गटाची नोंदणी असेल तरच ते लेबलावर घ्या.

प्रेसला द्यायची पीडीएफ

प्रेसला एसव्हीजी पाठवू नका. पीडीएफ पाठवा. इंकस्केपमधून निघणारी पीडीएफ आरजीबीत असते, म्हणून मी मध्ये स्क्रायबस हे पानं जुळवण्याचं सॉफ्टवेअर घेतो. तेही मोफत आहे. १.६ पासून त्यात देवनागरीही नीट जुळते, तरी इथे आपण कर्व्ह केलेलीच प्रत आणणार आहोत.

नवं डॉक्युमेंट १२० बाय ८० मिलिमीटर, ब्लीड ३. इम्पोर्टमधून व्हेक्टर फाइल निवडून १२६ बाय ८६ ची प्रत आणा आणि तिची जागा उणे ३, उणे ३ ला ठेवा. मग रंगांची यादी उघडा. एसव्हीजीतून आलेले रंग 'फ्रॉमएसव्हीजी' अशा नावाने रांगेत दिसतील. एकेक उघडून सीएमवायके करा आणि आपले ठरलेले आकडे भरा. काळा असेल त्याला फक्त के (काळी शाई) १००. हे काम पाच-सहा रंगांपुरतं असतं, म्हणूनच मूळ फाइलमध्ये रंग मोजके ठेवायचे. तीन जागी तीन किंचित वेगळे हिरवे असतील तर इथे तिप्पट मेहनत पडते.

कलर मॅनेजमेंट चालू करा, नाहीतर पीडीएफ-एक्सचे, म्हणजे छपाईसाठीच्या पीडीएफचे, पर्याय उघडत नाहीत. पारदर्शकता अजिबात नसेल तर पीडीएफ/एक्स-१ए, असेल तर प्रेसला विचारून एक्स-४. प्रिंट प्रिव्ह्यूमध्ये एकेक शाई बंद करून बघा: फक्त काळी ठेवली की सगळा बारीक मजकूर दिसायला हवा, काळी बंद केली की तो पूर्ण नाहीसा व्हायला हवा.

प्रेस कोरलचीच फाइल मागत असेल तर हीच पीडीएफ कोरलमध्ये उघडून द्या आणि लेबलाची रुंदी समोर मोजून घ्या. घरच्या प्रिंटरवर शंभर टक्के आकारात एक कागद काढून, कापून, खऱ्या पाऊचवर चिकटवून बघणं हा प्लेट काढण्याआधीचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

मोठ्या फ्लेक्ससाठी एक अडचण येऊ शकते. पीडीएफच्या पानाची नेहमीची कमाल मर्यादा २०० इंच, म्हणजे १६ फूट ८ इंच. वीस फुटी बोर्ड असेल तर एकास दहा प्रमाणात द्या आणि फाइलच्या नावातच तसं लिहा.

वेबची प्रत

मूळ फाइलची आणखी एक प्रत घ्या आणि 'ऑप्टिमाइज्ड एसव्हीजी' म्हणून सेव्ह करा. इंकस्केपच्या खासगी नोंदी गळून जातात. दशांशाची दोन स्थळं पुरेशी आहेत, आपल्या मापात ते मिलिमीटरचा शंभरावा भाग होतात. एसव्हीजीओ हे फाइल लहान करणारं साधन वापरत असाल तर व्ह्यूबॉक्स शाबूत आहे ना, हे बघा. त्याच्या जुन्या आवृत्त्या तो काढून टाकत, आणि मग चित्र पडद्याप्रमाणे लहान-मोठं होत नाही, नुसतं कापलं जातं. मिलिमीटरमधली रुंदी-उंची या प्रतीतून काढून टाका, आकार पानाची स्टाइल ठरवेल.

पानात घालण्याच्या दोन मुख्य रीती. लोगो इमेज टॅगने घाला. सोपं आहे, ब्राउझर साठवून ठेवतो, आणि आत चुकून स्क्रिप्ट असली तरी चालत नाही. पण इमेज टॅगमधल्या एसव्हीजीला पानाचा फॉन्ट मिळत नाही, म्हणून नाव तिथे कर्व्ह केलेलं हवं, आणि पर्यायी मजकुरात गटाचं नाव मराठीत लिहिलेलं हवं. दुसरी रीत म्हणजे एसव्हीजीचा मजकूर थेट पानात उतरवणं. अक्षरं जिवंत राहतात, शोधता येतात, रंग स्टाइलने बदलतात, आणि डार्क मोडमध्ये काळी रेघ पांढरी करता येते. भाषा मराठी असल्याची खूण पानाला द्या, काही फॉन्ट 'ल' आणि 'श'ची मराठी रूपं तेव्हाच देतात.

सर्व्हरने फाइल एसव्हीजी म्हणूनच पाठवली पाहिजे, नाहीतर चित्राच्या जागी रिकामी चौकट येते. वर्डप्रेस एसव्हीजी अपलोड करू देत नाही, कारण त्यात स्क्रिप्ट दडवता येते. बाहेरून आलेल्या फाइलींसाठी ती अडवणूक योग्यच आहे, आपली फाइल साफ करून मगच चढवा. व्हॉट्सॲप, ईमेल आणि लिंक शेअर केल्यावर दिसणारं चित्र या तिन्हींसाठी पीएनजी काढावी लागते. शेवटच्यासाठी १२०० बाय ६३० पिक्सेल.

पाणीपातळीची आकृती

आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. पावसाळ्यात सांगलीतल्या घराघरांत हा आकडा विचारला जातो, आणि तो फूट-इंचात सांगितला जातो. म्हणून आकृतीचं एक एकक एक इंच ठेवू. ६० फुटांची पट्टी म्हणजे ७२० एकक. व्ह्यूबॉक्स ०, ०, २४०, ७२०.

एसव्हीजीत उंची वरून खाली मोजतात, त्यामुळे हिशेब उलटा करावा लागतो. ७२० मधून पातळीचे इंच वजा करायचे. इशाऱ्याची रेघ ७२० वजा ४८०, म्हणजे २४० वर. धोक्याची ७२० वजा ५४०, म्हणजे १८० वर. पाण्याचा निळा आयत: पातळी ३८ फूट ६ इंच असेल तर ती ४६२ इंच, आयताचा वरचा काठ २५८ वर आणि उंची ४६२. नवीन आकडा आला की स्क्रिप्टने एवढ्या दोनच संख्या बदलायच्या. बाकी चित्र जागचं हलत नाही, आणि सगळं मिळून काही किलोबाइटचं असल्याने पुराच्या दिवसांत नेटवर्क मंदावलं तरी उघडतं.

रेघांवर 'इशारा ४० फूट', 'धोका ४५ फूट' असे शब्द लिहाच. नुसत्या पिवळ्या आणि लाल रंगावर विसंबू नका, ज्यांना रंग ओळखता येत नाहीत त्यांनाही हे वाचायचं आहे. आकृतीला 'इमेज' ही भूमिका द्या आणि तिचं आरिया-लेबल (पडदा वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर बोलतो तो मजकूर) आकड्याबरोबर बदला: 'आयर्विन पूल, पाणीपातळी ३८ फूट ६ इंच'. म्हणजे स्क्रीन रीडर वापरणाऱ्यालाही पातळी ऐकू येते. खाली नोंदीची वेळ ठळक हवी. पुरात सहा तासांपूर्वीचा आकडा आत्ताचा समजला गेला, तर माणसं घराबाहेर पडण्याचा निर्णय चुकीच्या वेळी घेतील. नोंद जुनी झाली की आयताचा निळा रंग राखाडी करा आणि 'नोंद जुनी' असं लिहा.

हीच फाइल बोर्डासाठी: रुंदी २० इंच, उंची ६० इंच लिहायची, व्ह्यूबॉक्स तोच. पाच फुटी उभ्या फ्लेक्सवर एक फूट पाणी म्हणजे एक इंच पट्टी. पाण्याचा आयत काढून टाका आणि त्या जागी उंच घराची चिन्हं, निवारा केंद्राचा रस्ता, मदतीचे क्रमांक द्या. ४५ ची रेघ मात्र मोबाइलवर जिथे दिसते, त्याच प्रमाणात बोर्डावर दिसली पाहिजे. मोबाइलवर पाहिलेली खूण बोर्डावर लगेच सापडते.

गिऱ्हाइकाला काय सुपूर्त करायचं

एका फोल्डरमध्ये मूळ एसव्हीजी जिवंत अक्षरांसह, कर्व्ह आणि युनियन केलेली प्रत, प्रेसची पीडीएफ, पेटीसाठी एकरंगी रूप, वेबची प्रत, आणि दोन मापांच्या पीएनजी. फॉन्टच्या फाइली आणि त्यांचा परवाना सोबत. रंगांचे आकडे एका साध्या मजकूर फाइलमध्ये. फाइलच्या नावात 'फायनल' लिहू नका, वर्ष आणि महिना लिहा. हा फोल्डर गटाच्या अध्यक्षांच्या मोबाइलपुरता न ठेवता गटाच्या ईमेलवरही पाठवा, आणि पुढे पेटी किंवा बोर्ड छापणाऱ्याला कुठली फाइल द्यायची, हे त्याच ईमेलमध्ये नावानिशी लिहा.